लांबलचक वैद्यकीय शब्द वाचावा शेवटाकडून

इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी.

ही छपाईची चूक नाही, हा एकच शब्द आहे. कागदावर तो पूर्ण लिहिलेला क्वचितच दिसतो. अमेरिकी वळणाने 'ईजीडी' किंवा ब्रिटिश वळणाने 'ओजीडी' एवढ्यावर भागवतात, आणि बोलताना तर 'एंडोस्कोपी' म्हणून मोकळे होतात. तोंडातून बारीक, लवचीक दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर आणि त्यापुढचा लहान आतड्याचा पहिला भाग पाहायचा, अशी ही तपासणी. तपासणी समजायला सोपी आहे. शब्द मात्र असा की चौथ्या अक्षरापर्यंत जाताजाता वाचणाऱ्याचा धीर सुटतो आणि डोळे पुढच्या ओळीवर उडी मारतात.

धीर सुटतो, कारण आपण तो पुढून वाचतो. असले शब्द मागून वाचायचे असतात. शेवटचा तुकडा एका फटक्यात दोन गोष्टी सांगतो: हा शब्द नेमका कशाबद्दल आहे, आणि बोलताना जोर कुठे द्यायचा. बाकीची लांबी कितीही असो, ती या शेपटाच्या ताब्यात असते.

मराठी वाचकाला हे खरं तर नवं नाही. शाळेत तत्पुरुष समास शिकताना आपण घोकलंय की दुसरं पद प्रधान. 'राजवाडा' हा वाडा असतो, राजा नव्हे. 'पित्ताशय' म्हणजे आशय, साठवणीची जागा. पित्त हे त्याचं विशेषण. मूत्राशय, गर्भाशय, आमाशय हे सगळे याच साच्यातले. ग्रीक आणि लॅटिनमधून घडवलेले वैद्यकीय शब्दही याच पद्धतीने बांधलेले आहेत. आपल्या त्या लांबलचक शब्दात शेवटचं पद 'स्कोपी', ग्रीक 'स्कोपेइन' म्हणजे निरखून पाहणे. म्हणजे शब्द आहे पाहण्याबद्दल. काय पाहायचं? त्याच्या आधी तीन अवयव ओळीने उभे आहेत: 'इसोफॅगस' म्हणजे अन्ननलिका, 'गॅस्टर' म्हणजे पोट किंवा जठर, आणि 'ड्युओडेनम' म्हणजे आद्यांत्र. आपल्या व्याकरणात सांगायचं तर आत त्रिपदी द्वंद्व आणि बाहेरून तत्पुरुष. 'अन्ननलिका-जठर-आद्यांत्र-दर्शन'. मराठीत हा शब्द केला तर तोही काही फार आखूड होणार नाही, पण आपण तो तोडायला घाबरणार नाही, एवढाच फरक.

या तिघांतला ड्युओडेनम थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हेरोफिलस नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. आतड्याचा हा तुकडा बारा बोटं शेजारीशेजारी ठेवली तर भरेल एवढ्या लांबीचा, म्हणून त्याने त्याला ग्रीकमध्ये 'बारा बोटांचं' असं नाव दिलं. ते अरबीमार्गे लॅटिनमध्ये पोचेपर्यंत बोटं गळाली आणि नुसते बारा उरले. लॅटिन 'ड्युओडेनी' म्हणजे बारा-बारा. आपला 'द्वादश' आणि तिकडचा 'ड्युओडेसिम' ही एकाच घराण्यातली भावंडं. आजच्या मोजमापात हा भाग साधारण २५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे बोटांचा हिशेब तसा बरोबरच होता.

आता या तुकड्यांच्या मधे येणारा 'ओ'. इसोफॅग-ओ-गॅस्ट्र-ओ-ड्युओडेन-ओ-स्कोपी. या 'ओ'ला स्वतःचा काही अर्थ नाही. दोन व्यंजनं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून घातलेला हा जोडस्वर आहे. पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर त्याची गरज उरत नाही आणि तो गळून पडतो: गॅस्ट्र + आयटिस = गॅस्ट्रायटिस, 'गॅस्ट्रोआयटिस' नव्हे. मात्र दोन अवयवांची नावं जोडताना पुढे स्वर आला तरी त्याला सहसा हलवत नाहीत. म्हणून 'गॅस्ट्रोएन्टरायटिस'मध्ये 'ओ' आणि 'ए' शेजारी नांदतात: गॅस्ट्र-ओ-एन्टर-आयटिस, जठर आणि आतडी यांचा दाह. 'ऑस्टिओआर्थ्रायटिस'चंही तसंच, हाड आणि सांधा यांच्यामध्ये 'ओ' ठाण मांडून बसलेला. संधी कुठे होते आणि कुठे होत नाही याचे नियम आपल्याकडेही आहेत, त्यामुळे याचं फार आश्चर्य वाटू नये.

अर्थाचे तुकडे झाले. उच्चाराचे तुकडे मात्र वेगळ्या जागी पडतात, आणि तिथेच बहुतेकांची गडबड होते.

लिहिण्याचं अक्षर आणि बोलण्याचं अक्षर एक नसतं. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच: क-मळ. 'पत्नी' आपण प-त्नी असं लिहितो आणि पत्-नी असं बोलतो. कवितेच्या वृत्तांमध्ये जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू का धरतात, याचं उत्तर याच बोलण्यात आहे: जोडाक्षराचं पहिलं व्यंजन मागच्या अक्षराला जाऊन चिकटतं आणि त्याला जड करतं. 'गॅस्ट्रो'मध्येही हेच. कागदावर 'स्ट्रो' एकत्र दिसतं, कानाला मात्र गॅस-ट्रो ऐकू येतं.

या हिशेबाने आपला शब्द असा फुटतो: इ-सॉ-फ-गो-गॅस-ट्रो-ड्यु-ओ-डि-नॉस-क-पी. बोलण्याची बारा अक्षरं. बारा बोटांच्या आतड्याचा शब्द बारा अक्षरांचा निघावा हा निव्वळ योगायोग.

आता आघात, म्हणजे बोलताना एखाद्या अक्षरावर पडणारा जोर. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही. आपण 'पाणी' कुठल्याही अक्षरावर जोर देऊन म्हटलं तरी ते पाणीच राहतं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाला मान आहे, जोराला फारसा नाही. आपण अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत प्रत्येक लांब शब्दात एक अक्षर राजा असतं, एक-दोन सरदार असतात आणि उरलेली प्रजा जवळजवळ पुटपुटली जाते. त्यामुळे इंग्रजीतलं व्याख्यान ऐकताना ओळखीचा शब्दसुद्धा आपल्या हातून निसटतो: आपण बारा अक्षरांची वाट पाहत असतो आणि समोरचा त्यातली चारच स्पष्ट म्हणतो.

ती चार कोणती? इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपीमध्ये सॉ, गॅस, ड्यु आणि नॉस. पहिल्या तिघांवर हलका जोर, मुख्य आघात 'नॉस'वर. तो तिथेच का, हे शेपूट सांगतं. 'स्कोपी'ने संपणाऱ्या शब्दात जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो. गॅस-ट्रॉस-क-पी. ब्राँ-कॉस-क-पी. को-लो-नॉस-क-पी. लॅ-प-रॉस-क-पी. पुढे कितीही डबे लावा, मोजायचं मागून: पी, क, आणि तिसरं अक्षर जोराचं.

यातली गंमत नीट पाहा. 'नॉस' या अक्षरात 'न' आहे तो ड्युओडेनमचा, 'स' आहे तो स्कोपीचा आणि मधला स्वर म्हणजे तोच तो जोडस्वर 'ओ', ज्याला स्वतःचा अर्थच नाही. सगळ्या शब्दाचा मुख्य आघात त्या निरर्थक सांध्यावर जाऊन बसतो, आणि जोर मिळाल्यामुळे 'ओ'चा 'ऑ' होतो. अर्थ कुठे तुटतो आणि आवाज कुठे तुटतो यांची ही फारकत मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटते. म्हणूनच जो अर्थाच्या तुकड्यांवर थांबत थांबत 'ड्युओडेनो... स्कोपी' असं म्हणतो, त्याला शब्द समजलेला असतो पण ऐकणाऱ्याला तो परका वाटतो.

हा नियम एकट्या स्कोपीचा नाही. 'लॉजी', 'ग्राफी', 'मेट्री', 'पॅथी', 'टमी' ही सगळी मंडळी जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर ढकलतात. कान-नाक-घसा या शाखेचं भारदस्त नाव 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी' घ्या. ओट म्हणजे कान, रायन म्हणजे नाक, लॅरिंग म्हणजे स्वरयंत्र, लॉजी म्हणजे शास्त्र. ओ-टो-राय-नो-लॅ-रिन-गॉ-ल-जी, नऊ अक्षरं, जोर 'गॉ'वर. 'थेरपी'ने संपणाऱ्या शब्दातही तेच: की-मो-थे-र-पी, जोर 'थे'वर.

दुसरा गट स्वतःवरच जोर ओढून घेणाऱ्यांचा. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज: टॉन्सिलायटिसमध्ये जोर 'लाय'वर, अपेंडिसायटिसमध्ये 'साय'वर. 'ओसिस' म्हणजे एखादी अवस्था किंवा विकार: थ्राँबोसिसमध्ये 'बो'. 'ओमा' म्हणजे बहुतेक वेळा गाठ: कार्सिनोमामध्ये 'नो'. 'ईमिया' म्हणजे रक्ताची अवस्था: अ‍ॅनीमियात 'नी', ल्युकीमियात 'की'. या प्रत्ययांच्या सुरुवातीचा स्वरच लांब आणि जड आहे, त्यामुळे तो जोर दुसऱ्याला देत नाही.

तिसरं शेपूट 'इक'. ते जोर आपल्या लगेच आधीच्या अक्षरावर टाकतं. त्यामुळे एकाच मुळापासून झालेल्या शब्दांत आघात उड्या मारतो. कागद तो कार्डिओग्राम: जोर 'कार'वर. तो काढण्याची प्रक्रिया कार्डिऑग्रफी: जोर 'ऑ'वर. त्यासंबंधीचं विशेषण कार्डिओग्रॅफिक: जोर 'ग्रॅ'वर. इंग्रजी बोलणाऱ्याला हे तीन शब्द जवळचे वाटतात, पण ज्याचा कान मराठी आहे त्याला ते तीन वेगळ्या गावचे वाटू शकतात.

'ग्राम' आणि 'ग्राफी' यांतला फरक उच्चारापुरताच नाही. ग्राम म्हणजे झालेली नोंद, ग्राफ म्हणजे नोंद करणारं यंत्र, ग्राफी म्हणजे नोंद करण्याची क्रिया. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या आलेखाला आज आपण इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम म्हणतो, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ईईजी. मागून वाचा: ग्राम, नोंद. कशाची? 'एन्सेफॅल', मेंदूची. हा तुकडाही पुन्हा फुटतो: 'एन' म्हणजे आत, 'केफाले' म्हणजे डोकं, डोक्याच्या आत जे आहे ते. आणि कसली नोंद? विजेची. इ-लेक-ट्रो-एन-से-फ-लो-ग्रॅम, आठ अक्षरं, मुख्य जोर 'से'वर. 'ग्राम'ऐवजी 'ग्राफी' लावलं की शेपटाचा हुकूम बदलतो आणि जोर पुढे सरकतो: इ-लेक-ट्रो-एन-से-फ-लॉ-ग्र-फी, आता 'लॉ'.

इथवरचं सगळं थोडं हौसेचं वाटेल. पण काही शेपटं अशी आहेत की ती नीट ऐकली नाहीत तर घोटाळा होतो. 'टमी', 'स्टमी' आणि 'एक्टमी' ही ती तिघं. टमी म्हणजे कापून उघडणं. एक्टमी म्हणजे कापून बाहेर काढणं. 'एक' हा ग्रीक उपसर्ग म्हणजे बाहेर. स्टमीमध्ये आहे 'स्टोमा', तोंड: शरीराला नवं तोंड करून ते उघडं ठेवणं. मोठ्या आतड्याच्या बाबतीत कोलॉटमी म्हणजे आतड्याला छेद, कोलेक्टमी म्हणजे आतडं किंवा त्याचा भाग काढून टाकणं, आणि कोलॉस्टमी म्हणजे पोटावर वाट करून आतडं बाहेर उघडणं. रुग्णाच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि पहिल्या नि तिसऱ्या शब्दात फरक आहे एका 'स'चा. ट्रेकिऑटमी आणि ट्रेकिऑस्टमीचंही तसंच: श्वासनलिकेला छेद, किंवा श्वासासाठी तिथे केलेलं उघडं तोंड. जोर दोन्हीकडे 'ऑ'वरच, त्यामुळे आघात इथे मदतीला येत नाही. कानाने त्या 'स'वरच लक्ष ठेवायचं, आणि शंका आली तर सरळ विचारायचं की वाट उघडी राहणार आहे का.

एक्टमीचं नेहमी भेटणारं उदाहरण म्हणजे कोलेसिस्टेक्टमी. मागून: एक्टमी, काढून टाकणं. 'सिस्ट', पिशवी. 'कोले', पित्त. पित्ताची पिशवी काढणं. 'कोले + सिस्ट' आणि 'पित्त + आशय' यांची बांधणी जुळ्या भावंडांसारखी आहे. को-ले-सिस-टेक-ट-मी, जोर 'टेक'वर, म्हणजे नेमका 'बाहेर' सांगणाऱ्या तुकड्यावर. इथे आघात आणि अर्थ एकदाचे एका जागी आले.

उलट प्रकार 'हायपर' आणि 'हायपो'चा. हायपर म्हणजे वर, जास्त. हायपो म्हणजे खाली, कमी. संस्कृतातले 'उपरि' आणि 'उप' हे त्यांचेच सख्खे नातेवाईक, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे. पण हायपरग्लायसीमिया आणि हायपोग्लायसीमिया म्हणून पाहा. शेपूट ईमिया, त्यामुळे जोर 'सी'वर. म्हणजे रक्तातली साखर वाढली आहे की घसरली आहे हे सांगणारं एकमेव अक्षर, 'पर' किंवा 'पो', हे नेमकं बिनजोराचं! घाईत, फोनवर, गोंगाटात ते गिळलं जातं. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. म्हणून कितीही इंग्रजी येत असलं तरी या ठिकाणी 'साखर कमी झाली आहे' किंवा 'साखर वाढली आहे' असंच बोलावं, आणि सोबत आकडा सांगावा.

एकाच अवयवाला दोन-दोन मुळं का, असाही प्रश्न पडतो. कारण ग्रीक आणि लॅटिन दोघांनीही आपापली नावं मागे ठेवली. साधारण असं दिसतं की अवयवाचं वर्णन लॅटिनकडून येतं, आणि रोग, शाखा नि शस्त्रक्रिया ग्रीककडून. मूत्रपिंडाची धमनी 'रीनल', पण त्याचा डॉक्टर 'नेफ्रॉलॉजिस्ट' आणि दाह 'नेफ्रायटिस'. फुप्फुसाची रक्तवाहिनी 'पल्मनरी', पण आजार 'न्यूमोनिया'. गर्भाशय 'युटेरस', ते काढण्याची शस्त्रक्रिया मात्र 'हिस्टरेक्टमी'. फार खोलात जायचं कारण नाही. दोन्ही मुळं ओळखीची झाली की झालं.

शब्द तोंडात बसवायचा असेल तर तोही मागूनच. 'पी' म्हणा. मग 'क-पी'. मग 'नॉस-क-पी', जोरासकट. हे तीन अक्षरांचं शेपूट न अडखळता येईपर्यंत पुढे सरकू नका. मग 'डि-नॉस-क-पी', 'ड्यु-ओ-डि-नॉस-क-पी', त्याला 'गॅस-ट्रो' लावा, आणि शेवटी 'इ-सॉ-फ-गो'. पुढून शिकताना माणूस सोप्या भागाकडून अनोळखी भागाकडे जातो आणि नेमका मुख्य आघाताशी दमतो. मागून शिकताना प्रत्येक वेळी ओळखीच्या टोकाला येऊन पोचतो. मराठी बोलताना मात्र हे इंग्रजी झोके घेण्याची काही गरज नाही. 'एंडोस्कोपी करायची आहे' हे सपाट आघाताने म्हटलं तरी कुणाचं काही अडत नाही, उलट वाक्याच्या मध्येच आवाजाला उचकी लागल्यासारखं होत नाही.

शेपूट कधीकधी फसवतंही. अँजिओप्लास्टीमध्ये शेवटून तिसरं अक्षर शोधत बसू नका. जोर पहिल्याच 'अँन'वर आहे, आणि ऱ्हायनोप्लास्टीतही पहिल्यावरच. अर्थाचंही तसंच. 'ओमा' म्हणजे गाठ म्हणावं तर ग्लॉकोमात कुठलीच गाठ नाही. त्यात डोळ्याच्या मज्जातंतूला इजा होते, आणि नाव आलं आहे निळसर-करड्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून. हिमॅटोमा ही साकळलेल्या रक्ताची गाठ, ट्यूमर नव्हे. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा'. डासाचा पत्ता लागण्याआधीचं नाव आजाराला चिकटून राहिलं. काही शब्द तर इतके झिजतात की जोड दिसतच नाही. मायग्रेन हा मुळात 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी. फ्रेंचच्या तोंडी पडून पुढचा 'हे' गेला आणि मागचं आखडलं. आपल्याकडे 'अर्धशिशी' त्या मानाने कमी झिजली, अर्धं डोकं अजून दिसतं.

आता हात साफ करायला एक शब्द. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांबीसाठी तो घडवला; इंग्रजीत त्याची ४५ अक्षरं होतात आणि तो शब्दकोशांतही जाऊन बसला. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस. मागून सुरुवात करू. 'ओसिस', विकार. 'कोनि', धूळ. 'व्हॉल्केनो', ज्वालामुखी. 'सिलिको', सिलिका. 'मायक्रोस्कॉपिक', सूक्ष्मदर्शकाने दिसणारं, आणि 'अल्ट्रा' म्हणजे त्याच्याही पलीकडचं. 'न्यूमोनो', फुप्फुस. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकाधुळीने होणारा फुप्फुसाचा विकार. बोलण्याची अक्षरं एकोणीस, आणि मुख्य जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, 'ओ'वर, कारण शेपूट ओसिस. डॉक्टर हा शब्द वापरत नाहीत. सिलिकाच्या धुळीने फुप्फुस निकामी होऊ लागलं की ते केसपेपरवर 'सिलिकोसिस' लिहितात: सि-लि-को-सिस, चार अक्षरं, जोर 'को'वर.